चार दिवस आणि मार्टचं कार्ड

आमच्या घरात अजूनही बाजूला बसतात. सासरे भिक्षुकी करायचे. ते गेले, पण त्यांचं सोवळं घरातच राहिलं. पाळीचे चार दिवस मागच्या खोलीत बसायचं, देवघराकडे फिरकायचं नाही, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. ताट खोलीत येतं. गंमत म्हणजे त्याच चार दिवसांत मी ऑफिसला जाऊन तालुकाभराच्या फायली हाताळते, साहेबांना पाणी देते, कोणाला काही होत नाही. संध्याकाळी घरी आले की पुन्हा अस्पृश्य.

लग्न झालं तेव्हा मी यावर खूप चिडायचे, रडायचेसुद्धा. मग केव्हातरी लक्षात आलं, की महिन्यातल्या याच चार दिवसांत मला कोणी हाक मारत नाही. डबा नाही, कणीक नाही, पाहुण्यांचा चहा नाही. मागच्या खोलीच्या खिडकीपाशी गादी टाकायची आणि ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक वाचायचं. बत्तीस वर्षांच्या संसारात मला एवढीच काय ती रजा मिळाली आहे.

म्हणून पन्नाशीला पाळी गेली, तेव्हा मी ते कोणाला सांगितलं नाही.

हे लिहिताना लाज वाटते, पण झालं ते असं. कॅलेंडरवर मनानेच तारीख ठरवायची आणि त्या सकाळी सासूबाईंना म्हणायचं, "आई, मी आज बाजूला." त्या पदर खोचून स्वयंपाकघरात शिरायच्या. नवऱ्याला अशा गोष्टींचा हिशोब ठेवायची सवय नव्हती. मुलगा शिकायला पुण्यात. कोणाला कळायचं कारण नव्हतं, असं मी धरून चालले होते.

मार्ट मात्र मी हिशोबात धरलं नव्हतं. चिखली रस्त्याला ते झालं, तेव्हा आख्खं बुलडाणा तिथे गार हवा खायला जात होतं. नवऱ्यानं पहिल्याच दिवशी कार्ड काढलं. फॉर्ममध्ये घरात माणसं किती, वाढदिवस कधी, लग्नाची तारीख काय, सगळं विचारलेलं. मी म्हटलं, "साखर-तेल विकायला यांना आपल्या लग्नाची तारीख कशाला पाहिजे?" नवरा म्हणाला, "तू काऊन एवढी घाबरते? पॉइंट जमले की कुकर भेटते." त्यानं सगळं खरं खरं भरलं. शिक्षक आहे, फॉर्ममध्ये रकाना रिकामा दिसला की त्याला चैन पडत नाही.

आमच्या जुन्या किराणावाल्यालाही आमचं सगळं ठाऊक होतं. कोणाकडे पाहुणे आहेत, कोणाचा उपास मोडला, हे तो सामानाच्या यादीवरून ओळखायचा. पण मी पॅडचा पुडा मागितला, की तो तोंड फिरवून वर्तमानपत्रात गुंडाळायचा, वरून काळी पिशवी घालायचा आणि माझ्याकडे न बघता सरकवायचा. त्याला कळलेलं त्याच्यापाशीच राहायचं. मार्टात तोच पुडा पट्ट्यावरून सगळ्यांच्या देखत सरकत जातो आणि काउंटरवरची मुलगी मोठ्यांदा विचारते, "मॅडम, मोबाईल नंबर?" आणि नंबर सांगितला की बिल नवऱ्याच्या मोबाईलवर. पहिली दोन वर्षं मी तसं घेतही होते. पुढे गरज संपली आणि घेणं थांबलं. थांबलेलंही कुठे लिहिलं जात असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

ते डोक्यात आलं यंदाच्या एका रविवारी. नवरा मोबाईल घेऊन आला. "हे पाय, वर्षभरात आपण किती साबुदाणा खाल्ला!" त्या मोबाईलमध्ये मार्टचं काहीतरी होतं, त्यात प्रत्येक वस्तू, कधी घेतली, किती वेळा घेतली, सगळं ओळीनं मांडलेलं. तो हौसेनं बोट सरकवत होता. शेंगदाणे. उदबत्ती. अंगाचा साबण. मी वरवर हसले. हा असाच खाली जात राहिला, तर त्याला दिसेल की बायको दर महिन्याला बाजूला बसते आणि पुडा काही आणत नाही. गणिताचाच मास्तर तो.

"पुरे आता, चहा थंड होतोय," मी म्हटलं.

दुपारी तो झोपला तेव्हा मी मोबाईल उचलला. बत्तीस वर्षांत मी त्याच्या खिशात हात घातला नव्हता. मार्टची यादी उघडली, शोधत गेले आणि सापडलं ते भलतंच. पॅडचा पुडा होता. गेल्या महिन्यात होता. त्याच्या आधीच्या महिन्यात होता. दोन वर्षं, दर महिन्याला एक. मी एकही आणलेला नव्हता.

आधी वाटलं, गल्लीतल्या कोणाचं तरी काम असेल. आमच्याकडे ही पद्धतच आहे. रांगेत पुढची बाई म्हणते, "माझं कार्ड नाही वो, तुमचाच नंबर सांगते," आणि आपणही पॉइंट वाढतात म्हणून मान डोलावतो. अशा किती जणींची साखर आमच्या नावावर चढली असेल देव जाणे. पण दोन वर्षं, न चुकता?

मग मन जायला नको तिकडे गेलं. नंबर नवऱ्याचा. कोणासाठी नेतो हा? शाळेत दोन नव्या शिक्षिका आल्या होत्या. त्यातल्या एकीला हा गाडीवरून देऊळघाटच्या फाट्यापर्यंत सोडतो, हे त्यानं स्वतःच सांगितलेलं. मोकळेपणानं सांगितलं म्हणून आधी मला बरं वाटलं होतं. आता तेच लबाडीचं वाटायला लागलं. मी त्याच्या शर्टाचा वास घेतला. पन्नाशी उलटलेली बाई, दोरीवरून काढलेला धुतलेला शर्ट हुंगते आहे! मला माझाच राग आला, पण संशय काही जाईना. तो फोनवर हसला की मी भाजी चिरायची थांबायचे. आणि विचारायची सोय नव्हती. तो पुडा माझा नाही म्हणायचं, तर माझी लबाडी आधी बाहेर पडणार. मला त्याला पकडायचं होतं आणि माझे चार दिवसही सोडायचे नव्हते.

तीन आठवडे असे काढले. मग एका शनिवारी त्याच्या मोबाईलमधून सगळ्या तारखा कागदावर उतरवल्या आणि बघतच राहिले. दर पुडा माझ्या बाजूला बसण्याच्या आधीच्या गुरुवारी घेतलेला होता. माझी तारीख मी मनानं ठरवते, पण साधारण अठ्ठावीस दिवसांनीच ठरवते. म्हणजे बाहेरच्या कोणाला नाही, घरातल्याच कोणाला तरी ती पाठ होती.

मी तशीच उठले आणि मार्टात गेले. काउंटरवरच्या मुलीला नंबर सांगितला आणि हळूच विचारलं, "या नंबरावर पॅडचा पुडा कोण नेतं गं?" मला वाटलं, सांगायची नाही. तिनं रांगेतल्या सहा माणसांच्या देखत सांगून टाकलं, "काकू, थ्या आजी नाही का, नऊवारीतल्या? गुरुवारी दत्ताच्या देवळातून येतात. म्हणतात, सुनेसाठी पायजे." मी मान खाली घालून बाहेर पडले. उद्या कोणी माझ्याबद्दल विचारलं, तर ही पोरगी त्यालाही असंच सांगेल, हेही लक्षात आलं.

घरी सासूबाई ओसरीवर मेथी निवडत होत्या. शहात्तर वर्षांच्या. नवरा शिकवणीला गेलेला. मी समोर बसले आणि सरळ विचारलं, "आई, तुम्ही पुडे कोणासाठी आणता?"

त्यांनी मान वर केली नाही. "तुह्यासाठी."

"मला लागत नाहीत."

"हाव, ठाऊक हाय मले. दोन वर्षं झाली." काडी मोडून त्यांनी बाजूला टाकली. "आधी तू कंबर धरून बसायची. आता पुस्तक धरून बसते. मले काय दिसत नाही?"

त्या पुढे बोलत राहिल्या. "एक दिवस तू ऑफिसात होती. त्याच्या मोबाईलवर त्या दुकानाचं काही आलं. म्हणे, ही वस्तू तुम्ही बऱ्याच दिवसांपासून नेली नाही, आता स्वस्त देतो. फोटू पण होता. तो मले इचारते, आई, हे काऊन आलं? मी म्हटलं, त्यायचं चुकलं असंन. अन् पुढच्या गुरुवारी जाऊन एक घेऊन आली. त्या मशीनचं तोंड बंद कराले. भांडेवालीच्या पोरी वापरतात ते."

म्हणजे दुकानाला कळलं होतं, सासूबाईंना कळलं होतं, आणि मी खिडकीपाशी हुशारीत बसले होते. पण मला लागलं ते वेगळंच. दोन वर्षं ही म्हातारी माझं खोटं ओळखून, गुडघे धरत, महिन्यातले चार दिवस एकटी ओट्यापाशी उभी राहत होती. मला रडू आलं. म्हटलं, "आई, चुकलं माझं. पुढल्या महिन्यापासून नाही बसणार मी."

"काऊन नाही बसणार?" त्या एकदम चिडल्या. "माह्या सासूनं मोजलं होतं माहं. महिना चुकला अन् दुसऱ्या दिवशी म्हणाली, चाल, आता बाराही महिने चुलीपाशी. तवापासून एक दिवस नाही भेटला मले." मेथीची पाटी त्यांनी माझ्यापुढे सरकवली. "अन् मी एकटी नाही करत. तू तिकडं बसली की त्याले उभा करते ओट्यापाशी. वरण जमून राह्यलं त्याले, पोळी जमत नाही अजून. मी मेल्यावर तुले चार दिवस कोण देईन? त्यालेच शिकवा लागते."

पुढच्या महिन्यात मी ठरल्या तारखेला बाजूला बसले. तिसऱ्या दिवशी ताट आलं. त्यातली पोळी एका बाजूला जाड होती आणि कडेला करपली होती. मी ती सगळी खाल्ली आणि दारापाशी जाऊन आणखी एक मागितली.