मुद्देमालातलं मेमरी कार्ड

मुदतीआधी निवृत्ती घेतली, वर्दी कपाटात गेली. पण दापोडीच्या मोबाइल दुकानातलं ते प्रकरण आजही जसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे. नावं लिहीत नाही. ज्यांना ओळख पटायची त्यांना पटेल.

स्पर्धा परीक्षांचा एक क्लास आपल्या तासांचे व्हिडिओ मेमरी कार्डवर भरून विकायचा. कार्डाला कुलूप होतं. पहिल्यांदा ज्या फोनमध्ये घालाल त्याच फोनवर चालणार, तेही ठरावीक मुदतीपर्यंत. हेच तास कुणीतरी बाहेर स्वस्तात विकतंय, अशी फिर्याद क्लासच्या मालकाने दिली. पाठोपाठ आमच्या खबऱ्याचा फोन आला. "साहेब, दापोडी स्टेशनमागचा मोबाइलवाला चाचा कार्डांची कुलपं तोडतो. रोज गर्दी असते."

साध्या वेशातला हवालदार बनावट गिऱ्हाईक म्हणून पाठवला.

"चाचा, पोलीस भरतीचे तास भरून द्या."

"कार्ड आणा."

"कार्ड असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो राव?"

"मग क्लासात जा, भाऊ. मी कुलूप काढतो, माल विकत नाही."

हवालदार हात हलवत परत आला. तरी कुलूप काढतो हे चाचा स्वतःच्या तोंडाने बोलला होता. पंच घेतले, छापा टाकला, पंचनामा केला. त्याचा लॅपटॉप आणि गिऱ्हाइकांनी ठेवलेली कार्डं लाखेच्या सीलखाली मुद्देमालात गेली.

चौकशीला बसवलं की माल दडवलेला माणूस आधी पाणी मागतो, हा माझा अनुभव. चाचाने पाणी मागितलं नाही. तो चिडला होता.

"कुणाची कुलपं काढतोस?"

"चाकणवाल्यांची. तिथल्या कंपन्यांत कॅमेऱ्याचा फोन आत नेऊ देत नाहीत, साहेब. म्हणून मोठा फोन खोलीवरच ठेवतात आणि बटणांचा साधा फोन खिशात टाकतात. कंपनीच्या बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत तास ऐकायला तोच कानाला. पण कार्ड त्यात घातलं की बंद! फोन त्यांचा, कार्ड त्यांचं, आणि चोर मी?"

"ते कोर्ट ठरवेल," मी म्हणालो.

मग कोर्टाच्या परवानगीने लॅपटॉपचं सील काढून बाजारातून जप्त केलेल्या नकला आणि चाचाच्या लॅपटॉपवरच्या नकला शेजारी शेजारी लावून पाहिल्या. क्लास प्रत्येक कार्डावर गिऱ्हाइकाचा फोन नंबर टाकतो. तो पडद्यावर सारखा फिरत राहतो. चाचाच्या नकलांवर नंबर फिरत होते. बाजारातल्या एकाही नकलेवर नव्हता. म्हणजे ती चोरी नंबर पडायच्या आधीची, खुद्द क्लासच्या ऑफिसातली. तिथे व्हिडिओ तयार करणाऱ्याला ठाण्यात बोलावलं. दुसऱ्याच प्रश्नाला त्याने पाणी मागितलं.

गुन्हा उघडकीस आला. साहेबांनी पाठ थोपटली. आणि मग ती आली.

मूळची बीडकडची, चाकणला वायरिंगच्या कंपनीत कामाला. छाप्याच्या दिवशी सकाळी तिने आपलं कार्ड चाचाकडे ठेवलं होतं.

"साहेब, माझं कार्ड द्या ना. भरतीची लेखी परीक्षा आलीय तोंडावर. वयात बसणारी ही शेवटचीच."

"कसली भरती?"

"पोलीस. तुमच्यातच यायचंय मला."

ठाणे अंमलदार हसला. "ये की. आल्यावर तुला कळेल, सील आम्हाला स्वतःहून फोडता येत नाही."

मुद्देमाल कोर्टाच्या आदेशाशिवाय सुटत नाही. तिला अर्ज करायला लावला, आमचा ना हरकत अहवालही जोडला. हरकत घेतली ती क्लासने. त्यांचा वकील उभा राहून म्हणाला, कार्ड विकलेलंच नाही, फक्त बघायची परवानगी दिली आहे. तेव्हा मालक आम्ही.

चोरी त्यांच्या घरातली. माणूस त्यांचा. पैसे मोजून घेतलेले. तरी मालक तेच!

तारखांवर तारखा पडल्या. व्हिडिओवाला जामिनावर सुटला. चाचाचा हेतू चोरीचा नव्हता, त्यामुळे त्याच्यावरचं कलम टिकलं नाही. परीक्षाही होऊन गेली. अखेर तिच्या बाजूने आदेश झाला आणि सुट्टीच्या दिवशी ती ठाण्यात आली. या वेळी तिने तो मोठा फोन आणला होता, कुलपाला मंजूर असलेला. टेबलाशीच कार्ड घालून पाहिलं. पडद्यावर एकच ओळ आली: मुदत संपली आहे.

"परीक्षा कशी गेली?" मी विचारलं.

"थोड्या मार्कांनी हुकली," ती म्हणाली. फोन बंद केला, कार्ड काढून माझ्या टेबलावर ठेवलं. "ठेवा साहेब. तसंही माझं नव्हतंच."

नोकरीत मी पुष्कळ कुलपं पाहिली, तोडलेली आणि शाबूत. या प्रकरणाने एकच शिकवलं. कुलूप पाहिलं की आधी विचारायचं, ते कुणाला बाहेर ठेवतंय? ऑफिसातल्या चोराला त्या कुलपाने एकदाही अडवलं नाही. अडवलं ते पैसे मोजणारीला. असल्या कुलपाला संरक्षण म्हणायला मी तयार नाही, आणि हे मी आता वर्दीशिवाय, चौकाचौकात असल्या कुलपांविरुद्धची पत्रकं वाटून सांगतो.