खालांनी मारलेली थाप

बायको गेली त्याच वर्षी मला अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, पण जीभ अडखळायची, म्हणून मी बोलणंच सोडलं.

गुलमंडीत आमच्या शेजारी राहणाऱ्या खाला बायकोच्या जुन्या मैत्रीण. एका संध्याकाळी त्या माझ्यादेखत आमच्या सुनेला म्हणाल्या, "तुझ्या सासूला भरीत कुठं जमायचं? मीच शिकवलं तिला."

"खोटं!" मी ओरडलो. "तिनंच तुम्हाला शिकवलं!"

सून बघतच राहिली. खाला खुदकन हसल्या. "व्हय भाईजान, तिनंच शिकवलं. आता कसं करायची, ते सांगा की."

मी अडखळत सांगत गेलो आणि सुनेनं वांगी भाजायला ठेवली. बायको गेल्यापासून तिच्याविषयी मी पहिल्यांदाच बोलत होतो. जेवताना आम्ही तिघंही तिच्या आठवणींनी हसत होतो.