इंग्रजीत वारलेले बाबा

आमच्या मिठबावच्या गुरुप्रसादला मराठी वर्तमानपत्रवाल्यांनी किती वेळा विनवलं, पण गडी मुलाखतीला कधी बसला नाही. लोक म्हणायचे, काय विनय आहे माणसाचा! विनय कसला डोंबलाचा, भीती होती ती.

तसा कर्तबगार, त्यात वाद नाही. बाकीचे प्राध्यापक कारखान्याच्या गुळगुळीत फरशीवर यंत्रमानव नाचवत होते, तेव्हा यानं आपली यंत्रं चिखलात, खाणीत नि माडाच्या खोडावर सोडली. पहिलं यंत्र भाताच्या खाचरात असं रुतलं की चार माणसांनी दोर लावून ओढलं. हसू झालं, पण हा हटला नाही. पुढे त्याची यंत्रं खाणीतल्या विषारी हवेत माणसाआधी शिरू लागली, माडावर सरसर चढू लागली. आज उघड्या रानातल्या यंत्रांचा विषय जिथे शिकवतात तिथे त्याचं पुस्तक लागतं, आणि त्याच्या हाताखालून गेलेली मुलं देशोदेशी प्राध्यापक झाली आहेत.

भीती होती ती दोन शब्दांची. परदेशात शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला बसला तेव्हा समोरच्यांनी विचारलं, यंत्रं उघड्यावर कशाला न्यायची? गुरुप्रसादनं भिवाची गोष्ट सांगितली, पण नाव न घेता, आजारी मुलासाठी शहाळं काढताना माडावरून पडलेला एक माणूस, एवढीच. भिवा म्हणजे गावातला पाडेली, घरोघरच्या माडांवर चढून नारळ पाडणारा. एका श्रावणात लहानगा गुरुप्रसाद तापानं फणफणला होता नि शहाळ्याचं पाणी मागत होता. त्याच्या वडिलांनी, बाबांनी, भिवाला बोलावलं. भिवा म्हणाला, माड शेवाळलाय, उद्या बघू. बाबा खेकसले, पोरगं तळमळतंय नि तुला उद्याचं सुचतंय? भिवा चढला, आणि वरून पडला तो उठलाच नाही. मागे त्याची बायको विमला राहिली, लग्नाला दोन वर्षंही झालेली नव्हती.

गोष्ट मुलाखत घेणाऱ्यांच्या मनाला लागली. मग एकानं हळूच विचारलं, तो माणूस तुमचा कोण? आता काय सांगायचं? माझ्या शहाळ्यापायी आम्ही त्याला ओल्या माडावर चढवला, असं? गुरुप्रसादच्या तोंडून निघून गेलं, "माझे वडील."

शिष्यवृत्ती मिळाली. पण ती गोष्ट त्याला अशी चिकटली की सुटता सुटेना. भाषणाआधी ओळख करून देणारा तीच सांगायचा. पुढे पुढे हा स्वतःच सांगायला लागला. खोटं बोलावं पण रेटून बोलावं, म्हणतात ना! एकदा मोठा पुरस्कार घेताना ती सांगताना त्यानं रुमालानं डोळेसुद्धा टिपले, लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले, आणि मुक्कामाच्या खोलीवर आल्यावर त्याला स्वतःची एवढी किळस आली की पुढ्यातलं ताट तसंच राहिलं. इकडे बाबा ठणठणीत. इंग्रजीत वारलेले बाबा मराठीत रोज सकाळी ओटीवर बसून चहात खारी बुडवून खात होते. सुट्टीत गावी आला की गुरुप्रसाद विमलाकाकीच्या दारावरून जायचं टाळायचा. समुद्राकडची लांबची वाट धरायचा. ती मात्र बाबांना भेटली की त्याची खुशाली हमखास विचारायची, झिल बरो आसा मा?

झाकली मूठ सव्वा लाखाची, तशी ही मूठ चाळीस वर्षं झाकलेली राहिली. उघडली ती बाबांच्या हट्टापायी. नव्वदीला टेकलेले बाबा फोनवर म्हणाले की गावात एकदा तुझ्या खांद्यावर शाल बघतो, मग मी डोळे मिटायला मोकळा. गावच्या सत्काराला आजवर नाना सबबी सांगून झाल्या होत्या, या हट्टापुढे एकही सबब चालेना.

सत्कार देवळाच्या मंडपात ठरला. सूत्रसंचालनाला तळेऱ्याहून नम्रता नावाची तरुण प्राध्यापिका बोलावली होती. गुरुप्रसादनं तिला स्वतःची माहिती चारच ओळींत, अगदी अळणी करून पाठवली होती. पण मुलगी कष्टाळू. एवढा मोठा माणूस चार ओळींत कसा मावणार, म्हणून तिनं रात्रभर इंटरनेट धुंडाळलं आणि जे सापडलं त्याचं सुंदर मराठी केलं. माईकवर तिचा गोड आवाज घुमला, "आजारी मुलासाठी शहाळं काढताना माडावरून पडून कैलासवासी झालेल्या पित्याचं ऋण सरांनी आयुष्यभर फेडलं."

कैलासवासी पिता पहिल्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीत, धुतलेली टोपी घालून बसले होते.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं! सगळ्या मंडपाच्या माना वळल्या त्या गुरुप्रसादकडे नाही, बाबांकडेही नाही. बायकांच्या बाजूला खांबाशी बसलेल्या विमलाकाकीकडे. तिनं पदर सारखा केला नि खाली बघत राहिली.

गुरुप्रसाद माईकपाशी गेला. आता सांगून टाकू, असं ठरवूनच उठला होता. आणि तोंडातून काय निघालं? म्हणे माहितीत थोडी चूक झालेली दिसते, इंटरनेटवर कोणी काहीही लिहितं, तपासून घ्यायला हवं होतं. झालं! नम्रता पांढरीफटक पडली. तिनं कान धरून बाबांची माफी मागितली, गावाची मागितली, नि कोपऱ्यात जाऊन डोळे पुसू लागली. जगभर मिरवलेला, साठी उलटलेला माणूस, नि एका निष्पाप पोरीच्या आड लपला. शालीखाली त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अरे, यापेक्षा मी त्या खाचरात रुतलो असतो तर, असं त्याच्या मनात आलं.

शेवटी दाजी उठले. दाजी गावकर, देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. आमच्याकडे कुठलंही कार्य असो, गावकरानं देवापुढे उभं राहून ते सांगायचं आणि गावानं दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून साक्ष द्यायची. दाजींनी गुरुप्रसादच्या कानाशी येऊन विचारलं, बापाशीच्या नावान घालू?

गुरुप्रसादनं कोपऱ्यातल्या नम्रताकडे बघितलं. मग खांबाकडे बघितलं.

"नको दाजी," तो म्हणाला. "भिवाच्या नावान घाला. जा झाला ता सगळा सांगा. खोटा मी बोललंय, त्या चेडवान नाय."

दाजींनी देवाकडे वळून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं.

"ह्या गुरुप्रसादान परमुलखात जावन खोटा सांगितल्यान. माडारसून पडलो तो ह्येचो बापूस नाय. तो विमलाचो घोव, भिवा."

"व्हय म्हाराजा!" जिभेला सवयच ती, सगळ्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि मग आपण कशाला साक्ष दिली हे कळून मंडप चपापला. विमलाकाकीनं मान वर केली. एवढ्या वर्षांत तिच्या नवऱ्याचं नाव देवळात कोणी घेतलं नव्हतं. गुरुप्रसादची मान मात्र वर होईना.

दाजी थांबले नाहीत. सगळा सांगा म्हटल्यावर सगळंच सांगायला हवं.

"आणि ओल्या माडार भिवाक चढयल्यान तो ह्येच्या बापाशीन."

आता कोणाचं तोंड उघडणार? नव्वद वर्षांचा म्हातारा समोर बसलेला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या, पुरुषांनी माना खाली घातल्या. धरणीनं पोटात घ्यावं असं गुरुप्रसादला झालं. बाबांना तरी यातून सोडवा, असं दाजींना सांगायला त्यानं हात उचलला, पण दाजींची नजर देवावर होती. दाजी हात जोडून तसेच उभे.

पहिल्या रांगेतली खुर्ची करकरली. बाबा दोन्ही हातांनी रेटा देऊन उठले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, हात जोडले, आणि देवाकडे पाठ करून विमलाकाकी बसली होती त्या खांबाकडे तोंड केलं.

"व्हय म्हाराजा," ते एकटेच म्हणाले.