गवत फुलतं त्या दिवसांतलं माहेर

पुण्याहून निघालेली एस.टी. घाट उतरली आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना गवताचे तांबूस तुरे डुलू लागले. मी खिडकीची काच ओढून घेतली.

पाच वर्षं मी दिवाळीला माहेरी आले नव्हते; यंदा राहवेना म्हणून निघाले. माझे वडील, आबा, शिरढोणला गवताचा व्यापार करतात. दसरा झाला की अंगणात गंज्या (गवताचे उंच ढीग) उभ्या राहतात आणि मला शिंका सुरू होतात, डोळे गळतात, धाप लागते. मागच्या खेपेला ओठ निळे पडले, तेव्हा आबांनीच मला परत धाडलं होतं. "पावसात ये. दिवालीला नको," म्हणाले होते.

पनवेलच्या स्टँडवर उतरले तोच शिंका सुरू झाल्या. जवळच एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा दवाखाना होता.

"पावसाळ्यात होतं का असं? समुद्रावर?" त्यांनी विचारलं.

"नाही. फक्त याच दिवसांत."

"मग गवत फुलतं त्याचे पराग आहेत हे. वाऱ्यावर उडतात, तुम्हाला सोसत नाहीत. मुळापासून जाईल असं नाही, पण सांभाळता येईल."

उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुवायचं, बाहेरून आलं की अंघोळ करून कपडे बदलायचे, गंजीपाशी फिरकायचं नाही. धापेच्या गोळ्या देऊन ते म्हणाले, "दम वाढला तर थांबू नका, लगेच या."

शिरढोणला न जाता मी खाडीकाठी आत्याकडे उतरले. तिच्या दारातच मिठागर. "इथं मिठाबिगर काय उगवत नाय," आत्या म्हणाली, "बिनघोर ऱ्हा." तिनं आबांना निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी आबा आले, ते मिठागराच्या बांधावरच थांबले. केस पार पांढरे झाले होते.

"आबा, जवळ या ना!"

"थांब पोरी. कपड्यांना गवत हाय."

विहिरीवर अंघोळ करून, आत्याच्या यजमानांचं धोतर नेसून ते ओल्या डोक्यानं माझ्या शेजारी बसले. आत्यानं तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं. आबा जेवायचे थांबून माझा श्वास ऐकत होते.

"घर बघावंसं वाटतं ना?"

मी मान डोलावली. मग आबाच सांगू लागले. तांबडी गाय व्यालीय. पडवीच्या कुडाच्या भिंती नव्यानं सारवल्यात. तुझी आई गेल्यापासून तिचा पाटा तिथंच हाय, कुनी हलवला नाय. दारापासून परसापर्यंत त्यांनी मला सगळं घर हिंडवून आणलं. तीन कोसांवरचं घर.

पुण्याला परतताना छाती मोकळी होती. पाच वर्षं मी माहेरालाच भीत होते, पावसातही फिरकले नव्हते. भ्यायचं ते नेमकं कशाला, हे आता कळलं होतं. आषाढात मी शिरढोणला जाणार आहे. पण तेव्हा अंगण रिकामं असतं. बैलगाड्या नसतात, कापणीवाल्यांचा गलका नसतो, त्यांच्यात उभे राहून हाका मारणारे आबा नसतात. मला ओढ आहे ती गवताच्या दिवसांतल्या त्या भरल्या घराची.