संत पेद्रोचा पांढरा झगा

एर्सिरा नाउएल्किनला नवरा मिळाला तो इंजिनामुळे, आणि तिचं नाव बुडायची वेळ आली ती नवरा आणि इंजिन या दोघांमुळे.

तरुणपणी अब्दोन दर रविवारी आमच्या धक्क्यावर लाँच आणायचा. “इंजिन खोकतंय.” एर्सिरा वडिलांच्या हाताखाली नोझल साफ करून द्यायची. शेवटी म्हातारा म्हणाला, “पोरी, इंजिन ठणठणीत आहे. पोरगा बिघडलाय. त्यालाच ठेवून घे.”

तेव्हापासून बेटावरचं प्रत्येक डिझेल इंजिन तिच्या हातचं. म्हणूनच सणाला संत पेद्रोची मूर्ती खाडीपार नेण्याचा मान तिच्या ‘पोर्फियादा’ लाँचला. पण गेल्या वर्षी भर खाडीत लाँचनं असा काळा धूर ओकला की संत कोळसेवाल्यासारखे किनाऱ्याला लागले! चर्चची व्यवस्था बघणारे डॉन उल्पियानो कडाडले, “पुढच्या खेपेला झग्यावर एक ठिपका जरी पडला, तर संतांची मूर्ती बेलार्मिनोच्या लाँचमध्ये. तिथल्या तिथे!”

बेलार्मिनो म्हणजे एर्सिराचा धाकटा दीर. या सणाच्या तोंडावर त्यानं आपल्या लाँचला नवा रंगसुद्धा लावला.

यंदा जूनभर, म्हणजे आमच्याकडच्या ऐन थंडीत, एर्सिरा घरात दिसलीच नाही. मी शेजारीण मातेचा कडू चहा प्यायला बोलवायला गेले, तर इंजिनपेटीतून नुसते पाय दिसत होते. नोझल काढून तिनं फवारा तपासला. “धुक्यासारखा पडला पाहिजे, तुझ्या नळासारखा गळायला नको!” इंजिन गार असताना टॅपेट, म्हणजे झडपांची फट, सेट केले. मग बटाट्याची पोती भरून, ओहोटीच्या उलट लाँच पळवली आणि धुराड्यावर पांढरा रुमाल धरला. रुमाल पांढराच! मी टाळ्या पिटल्या. अब्दोन मात्र घरी चुलीपाशी घोरत होता. थंडीत तो चाचणीला कधीच येत नाही.

सणाच्या दिवशी धो धो पाऊस. संतांवर छत्री धरायला मी, अकॉर्डियनवाला, डॉन उल्पियानो आणि चिंब भिजून आलेला अब्दोन, असे सगळे लाँचवर. मागे डझनभर लाँचा, भोंगे, फटाके! खाडीच्या मध्यावर प्रवाहाची ओढ लागली. एर्सिरानं रेस वाढवली, आणि भक्‌!

काळा धूर. लाँच धापा टाकायला लागली.

“झगा! झगा झाका!” डॉन उल्पियानो ओरडले. मी छत्री आडवी धरली.

बेलार्मिनो हात पसरून शेजारी आलाच. “वहिनी, द्या संतांना इकडे! लाजू नका, घरातच राहतायत!”

“तू आधी तुझा ओला रंग वाळव!” असं म्हणत एर्सिरानं सुकाणू अकॉर्डियनवाल्याच्या हातात कोंबलं आणि इंजिनपेटीचं झाकण उघडलं. आत दोरीवर लोकरीची बंडी, टोपी आणि एकच मोजा वाळत होता. दुसरा खाली पडून इंजिन हवा ओढतं त्या तोंडावर गच्च चिकटलेला! इंजिनाला श्वासच नव्हता.

“अब्दोन!”

“अगं, उबदार असतं तिथं,” तो पुटपुटला. “गेल्या वर्षीही तिथंच वाळवले होते.”

“गेल्या वर्षीही?”

संतांसमोर तिच्या तोंडून जे निघालं ते मी लिहीत नाही, समक्ष विचारा. तिनं मोजा ओढून काढला. इंजिन एकदा खाकरलं, आणि काय सांगू, गायलाच लागलं! धूर निवळला, लाँचनं पाण्यात उडी घेतली, बेलार्मिनो हात पसरलेलाच मागे राहिला. आम्ही सगळे ओरडत होतो. मला तर संतही हसल्यासारखे वाटले.

किनाऱ्यावर घंटा वाजत असताना डॉन उल्पियानोंनी चष्मा लावून झगा तपासला. मग बाही. मग अस्तर.

“ठिपका आहे,” मी म्हटलं. सगळे झग्यावर वाकले. “तुमच्या नाकावर.”

“नाकाचं काही ठरलं नव्हतं,” एर्सिरा म्हणाली.

डॉन उल्पियानोंनी नाक पुसलं आणि संतांना ‘पोर्फियादा’वरून मानानं उतरवलं.

मिरवणुकीत अब्दोन एका पायात मोजा घालून चालला. “माझा दुसरा?” त्यानं हळूच विचारलं.

एर्सिरानं लाँचच्या डोलकाठीच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे भर पावसात मोजा फडफडत होता.

“वाळतोय,” ती म्हणाली.