बाबांच्या समोर बोलू नका

आमच्याकडे पेशंटला त्याचा आजार सोडून बाकी सगळं सांगतात. काय खायचं, कुठल्या कुशीवर झोपायचं, कुणाच्या मेव्हण्याला कुठल्या काढ्यानं गुण आला, सगळं. त्यामुळे बाबांच्या पोटातली गाठ कॅन्सरची निघाली तेव्हा मी आणि भावानं नुसतं एकमेकांकडे बघितलं आणि ठरलं. बाबांना अल्सर झालाय.

हॉस्पिटल मोठ्या साखळीतलं. रिसेप्शनला ब्लेझर घातलेल्या मुली, लॉबीत कॉफीचं दुकान, पुण्याच्या शाखेतून ठरलेल्या वारी येणारे बडे डॉक्टर. बाबा वाळूजच्या कंपनीत जन्मभर मशीनवर उभे राहिलेले. "इथली फरशी आपल्या ताटापेक्षा चकचकीत हाय," म्हणून खूश. त्यांची खुर्ची आत ढकलण्याआधी मी पळत पुढे जायची आणि दिसेल त्याला बजावायची, त्यांच्यासमोर बोलू नका हं. सलाईनमधून जाणाऱ्या केमोला आम्ही ताकदीचं औषध म्हणायचो.

वॉर्डातल्या तरुण डॉक्टर मॅडम एकदा म्हणाल्या, "त्यांना सांगितलेलं बरं. कुणाला भेटावंसं वाटत असेल, काही बोलायचं असेल."

"ते फार हळवे आहेत," मी फणकारले.

साफ खोटं. हळवे आम्ही होतो. बाबांनी 'आता काय गं?' म्हणून विचारलं असतं, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कन्नडहून आत्याचा फोन आला. ही बाबांची एकुलती एक बहीण, धाकटी. तिला कळलं तर ती बाबांसमोरच गळा काढेल, म्हणून तिलाही अंधारात ठेवलेलं. फोन स्पीकरवर होता.

"दादा, येऊ का रं भेटायला?"

"कशाला येती एवढ्या उन्हात? पोटात जखम हाय नुसती. बरा झालो की मीच येतो तिकडं."

मी खाटेशी मोसंबी सोलत बसले होते. आत्यानं मला विचारलं, "व्हय गं, खरंच बरा हाय ना?"

"व्हय आत्या, नको दगदग करू."

इतकं सहज बोलले, की फोड सोलायचीसुद्धा थांबले नाही.

त्याच आठवड्यात बाबांना जंतुसंसर्ग झाला. आयसीयू, मग व्हेंटिलेटर. 'जरा जास्त आहे' एवढंच कळवलं, तशी आत्या जीपनं आली. आत एका वेळी एकालाच सोडत. माझा पास मी तिच्या हातात दिला. ती डोक्यावर हिरवी टोपी चढवून आत गेली आणि थोड्या वेळानं बाहेर आली.

"लई हाका मारल्या. वळखलं नाय गं त्यानं."

"औषधाच्या गुंगीत आहेत," मी म्हणाले. बाबा आता शुद्धीवर यायचे नाहीत, असं मॅडमनी आम्हाला सकाळीच सांगितलं होतं. ते ओठांवर आलं आणि मी गिळून टाकलं. मला माझीच शिसारी आली.

आत्यानं पदरानं तोंड पुसलं. तिला बरंच हायसं वाटलेलं दिसलं. "मग आज जाते. म्हस व्यायला झालीय, घरी कुणी नाय. परवा येते. त्यो जागा झाला की सांग, मी आल्ते म्हणून."

"सांगते," म्हणाले, आणि तिला कन्नडच्या जीपमध्ये बसवून आले.