मुंबईच्या एका गल्लीत संपलेला तपास

नोकरीतली बरीच प्रकरणं कागदांबरोबर ठाण्यातच राहिली. हे एक मात्र निवृत्तीनंतर माझ्याबरोबर घरी आलं. कोणाचंही नाव घेत नाही, कारण त्यातली माणसं आजही आपापल्या जागी सुखानं राहत आहेत.

तेव्हा मी कोयनानगर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना डोंगरावरच्या गावातले एक वयस्क शेतकरी आले. त्यांची थोरली सून आदल्या संध्याकाळपासून घरात नव्हती. थोरला मुलगा फौजेत होता. सुट्टीवर आला असताना हायवेवरच्या अपघातात गेला, त्याला वर्ष उलटलं होतं. मूलबाळ नव्हतं. सून तिशीच्या आतली, शांत स्वभावाची. मी बेपत्ता म्हणून नोंद घेतली आणि आसपासच्या ठाण्यांना कळवलं. तिचा मोबाइल बंद लागत होता. माहेरीही ती पोचली नव्हती.

दुपारी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. त्यानं एवढंच सांगितलं की, धाकटा दीर तिला मोटारसायकलवर बसवून धरणाच्या बाजूला गेला आणि अंधार पडल्यावर एकटाच परत आला.

असे निनावी फोन निम्म्या वेळा भाऊबंदकीतून येतात. तरी सोडून देता येत नाहीत. मी दिराला बोलावून घेतलं आणि जलाशयाच्या काठानं माणसं पाठवली. पोहणारे आणि होडीवाले पाण्यात शोध घेऊ लागले, तशी गावात कुजबुज सुरू झाली. दिराच्या आईनं अंथरूण धरलं. म्हातारे वडील ठाण्याच्या पायरीवर बसून राहिले. ना मुलाला भेटायला आत येत, ना घरी जात.

दीर पंचविशीचा, शेती बघणारा. बाहेर गेलोच नव्हतो, असं तो आधी म्हणाला. तुला गाडीवर जाताना कोणीतरी बघितलंय, असं सांगितल्यावर म्हणाला की, पेट्रोल भरायला गेलो होतो. वहिनीबद्दल विचारलं की नुसती खाली मान घालायचा. माझे हवालदार म्हणाले, "साहेब, यानंच केलंय." मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

पण एक गोष्ट खटकत होती. गुन्हा केलेला माणूस तासाभरात स्वतःबद्दल विचारायला लागतो. माझं काय होणार, वकील कधी मिळणार, हे त्याच्या तोंडी येतंच. या पोरानं त्यातलं काही विचारलं नाही. मी सहज म्हणालो की, उद्या पेपरात तिचा फोटो छापून येईल. तो पहिल्यांदाच वर बघत म्हणाला, "सायेब, फोटू नका छापू. माझा छापा पायजे तर. तिचा नको."

मी हवालदारांना बाहेर पाठवलं. मेलेल्या बाईचा फोटो छापला तर कोणाचं काय बिघडणार होतं? फोटोची भीती वाटते ती जिवंत माणसाला कोणी ओळखेल म्हणून. मी खुर्ची जवळ ओढून विचारलं, "ती जिवंत आहे ना रे?"

त्यानं तोंड ओंजळीत धरलं आणि लहान मुलासारखा रडला.

मग सगळं बाहेर आलं. घरच्यांनी थोरल्या सुनेचं लग्न याच्याशीच लावायचं ठरवलं होतं. त्यात वाईट हेतू नव्हता. तरणी पोर आहे, घरची सून घरातच राहील, एवढाच विचार. तिला कोणी विचारलं नाही, यालाही विचारलं नाही. "ती सून म्हणून आली तवा मी शाळंत जात हुतो," तो म्हणाला. "तिनं माझं डबं भरल्यात. तिच्याशी लगीन कसं करू?" दोघांनी मिळून मार्ग काढला होता. पाटण, कऱ्हाडच्या स्टँडवर ओळखीची माणसं भेटतात, म्हणून त्यानं तिला कुंभार्ली घाट उतरवून चिपळूणला नेलं आणि मुंबईच्या गाडीत बसवलं. मुंबईत कुठं, ते तिनं त्याला मुद्दाम सांगितलं नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं, की फौजेच्या क्वार्टर्समध्ये तिच्या शेजारी राहणारी एक तमिळ बाई आता सायन कोळीवाड्याकडं असते. वहिनी तिला अक्का म्हणायची.

नुसत्या कबुलीवर तपास थांबवता येत नाही. बाई समोर दिसली पाहिजे. मी एक महिला कॉन्स्टेबल बरोबर घेऊन मुंबई गाठली. ती पाटणजवळची, मुंबईला कधी न गेलेली. वाशीच्या खाडीपुलावर तिनं पलीकडचं शहर बघितलं आणि हळूच म्हणाली, "साहेब, एवढ्यात कशी सापडायची?"

स्थानिक ठाण्यात नोंद करून आम्ही पायी फिरायला लागलो. आमच्या भागात एखाद्याचं आडनाव सांगितलं की गाव, वाडी, सोयरेधायरे सगळं कळतं. इथं तसं काही चालेना. एका बाजूला कोळणी दारात बसून मासळी निवडत होत्या आणि त्यांचं मराठी माझ्या कॉन्स्टेबलला अर्धंच कळत होतं. दोन गल्ल्या पुढं फाळणीनंतर येऊन राहिलेल्या पंजाब्यांची वस्ती, तव्यावर तळणारे मासे आणि मोठ्यानं चाललेल्या गप्पा. त्यापुढं दारोदार पांढरी रांगोळी घातलेली तमिळ घरं. मधेच अजान ऐकू आली आणि त्याच रस्त्यावर उत्तरेकडचे टॅक्सीवाले गाड्या धूत होते. कोणी कोणाकडे वळून बघत नव्हतं. मी खाकीत नव्हतो, त्यामुळे मलाही कोणी विचारलं नाही. तीस वर्षं पोलिसात काढलेल्या माणसाला असं कोणाच्याच नजरेत न भरणं चमत्कारिक वाटलं.

अक्का कुठं राहते विचारल्यावर बायका हसायच्या. त्या वस्तीत थोरली प्रत्येक बाई अक्काच. शेवटी कॉन्स्टेबलनं प्रश्न बदलला. अक्काचा नवरा फौजेतलाच असणार, म्हणून फौजेतून आलेल्या तमिळ माणसाचं घर कुठलं, असं तिनं एका पंजाबी दुकानदाराला विचारलं. "फौजी अण्णा? इडलीवाला?" त्यानं बोट दाखवलं.

आम्ही शोधत होतो ती सून तिथं मागच्या खोलीत खोबरं किसत बसली होती. आम्ही कोण ते कळताच तिचा हात थांबला. अक्का दारात आडवी उभी राहिली आणि मोडक्या हिंदीत म्हणाली की, हिला जबरदस्तीनं नेता येणार नाही. बाई खरं बोलत होती. सज्ञान बाई स्वखुशीनं कुठंही राहू शकते. मी तसं सांगितलं. तुझा जबाब घेऊ, पत्ता कोणाला देणार नाही, आणि तपास बंद करू. ती थोडी सैल झाली. आजारी माणसांची सेवा करायचं काम ती शिकणार होती, अक्कानं एके ठिकाणी विचारूनही ठेवलं होतं. मग तिनं घरच्यांचं विचारलं, तेव्हा दीर कुठं आहे ते मला सांगावं लागलं.

तिनं किसणी बाजूला ठेवली. "माझ्यापायी भावजींना खुनी म्हणत्यात?" तिनं हात धुतले, पदर नीट केला. "चला. मी सोता येती."

ठाण्यात सासऱ्यांनी तिला बघितलं आणि भिंतीला टेकून खालीच बसले. म्हणाले, "आमी काय कमी केलं पोरी?"

"कमी काय न्हाई केलं, तात्या," ती म्हणाली. "फकस्त इचारलं न्हाई."

म्हातारे माझ्याकडे वळले. त्यांनी मला विचारलं, तिथं एकटी बाई राहू शकते का, शेजार कसला आहे. मी जे बघितलं होतं ते सांगितलं. कोळणी, पंजाबी, अण्णांची इडली, दारात आडवी उभी राहिलेली अक्का. ते ऐकत राहिले. अक्का दारात आडवी उभी राहिली, हे त्यांनी मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग उठले, मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे तिला. पर कऱ्हाडच्या स्टँडवरनं जाऊ दे. मी सोताच बशीवतो."

त्यांनी बसवलं तेव्हा मी तिथं नव्हतो. हवालदारांनी सांगितलं की, गाडी हलेपर्यंत म्हातारा खिडकीचा गज धरून उभा होता.

त्यानंतरही बेपत्ता बायकांच्या तक्रारी येतच राहिल्या. वय, उंची, अंगावरचे कपडे, शेवटी कोणी बघितलं, हे सगळं मी नेहमीप्रमाणे विचारायचो. त्यात एक प्रश्न मी वाढवला: तिला काय हवं होतं? बहुतेक वेळा घरची माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायची.